डिस्ट्रॅक्ट, ट्रॅक्टर आणि ओढाताण

यावेळी आलेल्या पत्रांमधली चार पत्रं लक्ष नसणे या एकाच गोष्टीभोवती फिरतायत, म्हणून ती एकत्र घेतली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते तसंच राहू दे असं वाटलं.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. परवा त्याला अभ्यासाला बसवलं आणि तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मोठ्याने गाणी लावून, झालं, हा उठून खिडकीत. मी म्हटलं डिस्ट्रॅक्ट होऊ नकोस रे सारखा. तर म्हणतो, आई, ट्रॅक्टर आला की डिस्ट्रॅक्ट होतो म्हणून त्याला डिस्ट्रॅक्ट म्हणतात का? मी हसले, पण नंतर मलाच राहवेना. दोन्हीकडे ट्रॅक्ट कसं काय? आणि या डिस्ट्रॅक्टला रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द कोणता?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, आधी मुलाला शाबासकी द्या. त्याने जे पकडलंय ते अगदी बरोबर आहे, फक्त कोणामुळे कोण आलं ते उलटं झालंय. ट्रॅक्टरमुळे डिस्ट्रॅक्ट आला नाही, पण दोघं एकाच घरातले आहेत.

लॅटिनमध्ये त्राहेरे नावाचं क्रियापद आहे, अर्थ ओढणे. मनाचं वगैरे काही नाही, साधं दोरीने किंवा बैलांनी ओढणं. ओढलेलं ते त्राक्तुस, आणि ओढणारा तो ट्रॅक्टर. आता त्याच क्रियापदाच्या आधी दिस लावा. दिस म्हणजे वेगवेगळ्या बाजूंना, आणि हा दिस मुळात दोन या आकड्यातूनच निघाला असं बरेच अभ्यासक मानतात. झालं दिस्त्राहेरे, म्हणजे एकाच गोष्टीला निरनिराळ्या दिशांना ओढून फाडणं. रोमन लोक हा शब्द मालाच्या बाबतीत पण वापरायचे, अख्खा माल फोडून सुटा सुटा विकला की तेही दिस्त्राहेरेच.

पण या शब्दाचा खरा जोर कळायचा असेल तर लिव्ही या रोमन इतिहासकाराने सांगितलेली एक गोष्ट ऐकायलाच हवी. लिव्ही सम्राट ऑगस्टसच्या काळातला, आणि गोष्ट त्याच्याही कित्येक शतकं आधीची, म्हणजे इतिहासापेक्षा दंतकथाच जास्त. रोमचा तिसरा राजा टुल्लुस होस्टिलियुस याची वेई आणि फिडेने या गावांशी लढाई लागली. शेजारच्या आल्बा लोंगाचा प्रमुख मेट्टियुस फुफेटियुस हा रोमचा मित्र म्हणून फौज घेऊन आला, पण ऐन लढाईत तो आपली माणसं घेऊन हळूच डोंगराकडे सरकला, जो जिंकेल त्याच्या बाजूला जाऊ असा हिशोब. रोम जिंकलं. दुसऱ्या दिवशी टुल्लुसने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, काल तुझं मन फिडेने आणि रोम असं दोन्हीकडे होतं, आज तुझं शरीर तसंच दोन्हीकडे जाईल. मग त्याला चार चार घोड्यांच्या दोन रथांना बांधलं आणि रथ उलट दिशांना हाकले. लिव्हीने राजाच्या तोंडी शरीर फाडण्यासाठी जो शब्द घातलाय तो हाच, दिस्त्राहेरेचं रूप. बघणाऱ्या सगळ्यांनी तोंडं फिरवली असंही तो लिहितो आणि रोमन लोकांनी अशी शिक्षा ही पहिली आणि शेवटची दिली असंही सांगतो.

गोष्ट भयंकर आहे, मुलाला सांगताना थोडी सौम्य करा. पण मला ती अतिशय महत्त्वाची वाटते, कारण मन दुभंगणं आणि शरीर दुभंगणं ही दोन्ही टोकं त्या एका वाक्यात शेजारी शेजारी आहेत. आज मोबाइल वाजला आणि मी डिस्ट्रॅक्ट झाले असं आपण सहज म्हणतो ना, त्या शब्दाच्या पोटात दोन रथ आहेत.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या आसपास आला. त्याच घरातली बाकी मंडळी पण येत राहिली, काही थेट लॅटिनमधून, काही फ्रेंचमार्गे, आणि त्यातली कितीतरी आज मराठीत अशी वावरतायत की ती पाहुणी आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोन्ही बाजू ओढून एकत्र आणणं. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे आतून बाहेर ओढलेलं. अट्रॅक्ट म्हणजे आपल्याकडे ओढणं. सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून काढणं, वजाबाकी. ट्रेन म्हणजे मागून ओढत येणारी रांग, लांब झग्याचा जमिनीवर घासत येणारा भाग पण इंग्रजीत ट्रेनच. उसाच्या ट्रॅक्टरमागे जो ट्रेलर असतो तोही याच घरातला, म्हणजे तुमच्या खिडकीसमोरून एक नाही दोन नातेवाईक गेले आणि घरात तिसरा झाला. डॉक्टरची ट्रीटमेंट, भिंतीवरचं पोर्ट्रेट, हे पण त्यातलेच.

मात्र दिसायला सारखा म्हणून प्रत्येकाला या घरात घेऊ नका. आपली पोरं रविवारी ट्रेकला जातात तो ट्रेक लॅटिनमधला नाही, तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वस्तीवाल्यांकडून इंग्रजीत आला, बैलगाड्या जोडून लांबच्या मुलखात निघायचे तो ट्रेक. त्यांच्या भाषेत त्या क्रियापदाचा अर्थ पण ओढणे असाच, तरीही घर वेगळं.

ट्रॅक्टर शब्दाची आणखी एक मजा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शेतात चालणारं यंत्र या अर्थी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळला. पण त्याच्या शंभर वर्षं आधी ट्रॅक्टर या नावाची एक वेगळीच वस्तू इंग्लंड-अमेरिकेत धडाधड विकली जात होती. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एलिशा पर्किन्स या डॉक्टरने १७९६ मध्ये दोन टोकदार धातूच्या सळ्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवायच्या की दुखणं बाहेर ओढलं जातं, म्हणून नाव ट्रॅक्टर. लोकांना खरोखर बरं वाटायचं. मग १७९९ मध्ये इंग्लंडच्या बाथ गावात जॉन हेगार्थ या डॉक्टरने लाकडाच्या तशाच दिसणाऱ्या सळ्या करून घेतल्या आणि संधिवाताच्या पाच पेशंटवर फिरवल्या, तर पाचातल्या चौघांना आराम पडला. धातू काहीच करत नव्हता, सगळं काम पेशंटच्या मनात होत होतं. म्हणजे ट्रॅक्टर नावाच्या वस्तूचा मनाशी संबंध आला होता एकदा, तुमचा मुलगा म्हणतो तसा नाही पण आला होता.

आता मराठीकडे येते. कृषी हा शब्द घ्या. संस्कृतमध्ये कृष् म्हणजे ओढणे, आणि नांगर ओढतात म्हणून नांगरणे. त्यातून कृषी. त्याच कृष् ला आ लावला की आकर्षण, म्हणजे आपल्याकडे ओढणं. आता शेजारी ठेवून बघा, तिकडे ट्रॅक्टर आणि अट्रॅक्शन, इकडे कृषी आणि आकर्षण! शेत आणि मन, दोन्ही जागी तीच ओढ. आणि हे कोणी कोणाचं बघून केलेलं नाही, त्राहेरे आणि कृष् हे धातू, म्हणजे क्रियापदांची मुळं, नात्याने वेगळे आहेत. दोन्हीकडच्या लोकांनी बैल जुंपलेले बघितले, आपलं मन कुठेतरी खेचलं जातंय हे पण अनुभवलं, आणि दोन्हीकडे एकच क्रियापद पुरलं. संस्कृतमध्ये विकर्षण म्हणजे वेगळ्या बाजूंना ओढणं पण आहे, अर्थाने हुबेहूब डिस्ट्रॅक्शन, पण तो आपल्या रोजच्या बोलण्यात आला नाही.

रोजच्या बोलण्यातलं विचारलंय तुम्ही, तर आपल्याकडे एक शब्द नाही, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी. ट्रॅक्टर आला आणि मुलगा उठला, तेव्हा लक्ष उडालं. पुस्तक समोर आहे, डोळे पुस्तकावर आहेत, पण पोरगं तिथे नाही, तेव्हा मन भरकटलंय. घरात कोणी आजारी आहे आणि आमटीत मीठ दोनदा पडलं, तेव्हा चित्त थाऱ्यावर नाही. सारखी चुळबुळ असेल तर चित्त चळलंय. तुम्ही त्याला लक्ष उडू देऊ नकोस म्हणा, पुरेसं आहे. लक्ष हा शब्द मुळात खूण, निशाणा या अर्थाचा, त्यामुळे लक्ष उडणं म्हणजे निशाणाच जागेवर न राहणं. मला तरी हा शब्द डिस्ट्रॅक्टपेक्षा नेमका वाटतो.

प्रश्न : मॅडम, मी एफवाय बीएला इंग्लिश लिटरेचर घेतलंय. हॅम्लेट वाचताना ऑफेलियाला एका ठिकाणी डिस्ट्रॅक्ट म्हटलंय आणि खाली नोट आहे की याचा अर्थ वेडी झालेली. मला कळलं नाही. लक्ष नसणं आणि वेड लागणं यात काहीच फरक नव्हता का त्या काळी? आणि मग आज आपण हा शब्द इतका हलका कसा वापरतो?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नोट बरोबर आहे. वरच्या उत्तरातले दोन रथ डोळ्यासमोर ठेव, म्हणजे तुला लगेच पटेल.

शेक्सपिअरच्या वेळी, म्हणजे १६०० च्या आसपास, डिस्ट्रॅक्टेड म्हणजे जिचं मन फाटलंय अशी व्यक्ती. ऑफेलियाचे वडील मारले गेलेत, हॅम्लेट असा तुटक वागतोय, पोरीचं मन दोन-तीन बाजूंनी खेचलं जाऊन शेवटी उसवलंय. ज्युलियस सीझरमध्ये ब्रूटसची बायको पोर्शिया हिच्याबद्दलही हाच शब्द येतो, आणि तिथे ती निखारे गिळून जीव देते, म्हणजे अर्थ किती टोकाचा होता ते बघ. आणि हॅम्लेट स्वतः बापाचं भूत भेटून गेल्यावर आपल्या डोक्याला डिस्ट्रॅक्टेड म्हणतो.

हे फक्त नाटकातलं नाही. लंडनला बेथलेम नावाचं जुनं हॉस्पिटल, १२४७ मध्ये मठ म्हणून सुरू झालेलं, नंतर वेड्यांचं हॉस्पिटल म्हणून प्रसिद्ध झालं, तिथल्या रुग्णांना डिस्ट्रॅक्टेड लोक असंच म्हणायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीने १६४१ मध्ये कायद्यांची एक यादी केली, त्यात लहान मुलं, मंदबुद्धी, डिस्ट्रॅक्टेड माणसं आणि नव्याने आलेले परके यांना सवलत द्यावी असं कलम आहे. आजच्या अर्थाने वाचलं तर ज्याचं लक्ष नाही त्याला कायद्यात सूट असं होईल! तेव्हा जुनं इंग्रजी वाचताना ओळखीचा शब्द दिसला की तिथे जरा जास्तच थांबायचं, अनोळखी शब्दापाशी आपण डिक्शनरी उघडतोच, फसवतो तो ओळखीचा.

मग हलका कसा झाला? जोराचे शब्द वापरून वापरून झिजतात, आपण नाही का जराशा गर्दीला मरणाची गर्दी म्हणत. पण डिस्ट्रॅक्टच्या बाबतीत असं झालं की वेडाच्या जोडीला लक्ष दुसरीकडे खेचलं जाणं हा अर्थ पण आधीपासून होता, वेडासाठी इंग्रजीला दुसरे शब्द मिळत गेले आणि हा सौम्य अर्थ उरला. फ्रेंचांनी तर त्याला अजून पुढे नेलं, त्यांच्याकडे दिस्त्राक्सिओं म्हणजे विरंगुळा, करमणूक. तेच ओढणं, पण दुःखातून, कंटाळ्यातून बाहेर ओढणं. एकाच शब्दाने एका देशात वेड दाखवलं आणि शेजारच्या देशात विरंगुळा.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतंय ते. आपल्याकडे विक्षिप्त हा शब्द आहे. क्षिप् म्हणजे फेकणे, विक्षिप्त म्हणजे इकडेतिकडे फेकलं गेलेलं, विखुरलेलं. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताचे विक्षेप म्हणून नऊ अडथळे सांगितलेत, आजारपण, संशय, आळस वगैरे. त्या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था आहेत, क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. यातला विक्षिप्त वेडा नाही, विचित्र पण नाही. टीकाकार सांगतात की क्षिप्त चित्त कायम भटकतं, विक्षिप्त चित्त मधूनमधून स्थिर होतं आणि पुन्हा उडतं. म्हणजे तुझ्या-माझ्यासारखं, अभ्यासाला बसलेल्या कुठल्याही माणसासारखं.

आणि आज मराठीत विक्षिप्त म्हटलं की काय येतं डोळ्यासमोर? तऱ्हेवाईक, कधी काय बोलेल नेम नाही असा माणूस. म्हणजे बघ, डिस्ट्रॅक्टेड हा शब्द वेडाकडून निघून साध्या दुर्लक्षाकडे आला आणि आपला विक्षिप्त साध्या चंचलतेकडून निघून वेडसरपणाच्या उंबऱ्यापर्यंत गेला. एकाच वाटेवरचे दोन प्रवासी, उलट दिशांनी चाललेले. एकात ओढणं आहे, दुसऱ्यात फेकणं आहे, धातूंचं नातं नाही, पण अनुभव एकच, की मन एका जागी असायला हवं आणि ते तसं राहत नाही.

जुन्या मराठीतला दुचित हा शब्द पण तुला माहीत असावा असं वाटतं, ज्याचं चित्त दोन जागी आहे तो. समर्थांनी दासबोधात आठव्या दशकाचा सहावा समास अख्खा दुश्चितपणावरच लिहिलाय. ऐकायला बसलेला माणूस ऐकतच नसेल तर काय होतं याची चिंता त्यात आहे. एवढ्या एका विषयाला एक पूर्ण समास द्यावासा वाटला यावरून त्यांना ती गोष्ट केवढी मोठी वाटत असेल ते कळतं.

प्रश्न : ऑफिसच्या लेटरमध्ये आम्ही 'इनअॅडव्हर्टंटली' लिहितो आणि मराठी पत्रात 'अनवधानाने'. साहेब म्हणतात दोन्हीचा अर्थ नजरचुकीने. पण इनअॅडव्हर्टंटमध्ये अॅडव्हर्ट दिसतंय, त्याचा अॅडव्हर्टाइजमेंटशी संबंध आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, सरळ आहे. लॅटिन वेर्तेरे म्हणजे वळणे, वळवणे. आद्वेर्तेरे म्हणजे एखाद्या गोष्टीकडे वळवणे, रोमन लोक मन वळवणे असंच म्हणायचे. त्यावरून अॅडव्हर्टाइजमेंट, म्हणजे लोकांचं लक्ष वळवणारी. आणि आधी नकाराचा इन लावला की मन वळलेलंच नव्हतं, तिकडे बघितलंच नव्हतं.

हा वेर्तेरे आणि आपला वृत् हे मात्र खरोखरचे भाऊ आहेत. वर्तुळ, आवृत्ती, परिवर्तन, वृत्ती, सगळीकडे तेच वळणं, फिरणं. योगाच्या दुसऱ्याच सूत्रात चित्तवृत्तींचा निरोध आहे, म्हणजे मनाचं हे सारखं वळणं थांबवणं. जाहिरातवाल्यांचा धंदा आणि पतंजलींचं सूत्र एकाच धातूवर उभं आहे, एकाला वळवायचंय आणि एकाला थांबवायचंय.

साहेबांच्या नजरचुकीबद्दल एवढंच, की नजरचूक डोळ्यांची असते आणि अनवधान मनाचं. आकडा उलटा टाइप झाला तर नजरचूक लिहा, पत्र पाठवायचंच राहून गेलं तर अनवधानाने लिहा. प्रमाद हा शब्द आपण आता चूक या अर्थी वापरतो, पण संस्कृतमध्ये आणि पालीत तो गाफीलपणा आहे. धम्मपदातला अप्पमाद वग्ग ज्यांनी वाचलाय त्यांना हे लगेच कळेल, अप्पमाद म्हणजे निर्दोष असणं नव्हे, जागं असणं.

प्रश्न : आदरणीय ताई, मी निवृत्त शिक्षक. आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की अटेन्शन हा शब्द आपल्या संस्कृतमधूनच इंग्रजांनी उचलला, आणि इन-अटेन्शन म्हणजे आपला अन-अवधानच, पुरावा म्हणून दोन्हीच्या सुरुवातीला तोच उच्चार. माझे काही मित्र हे अगदी खरं मानतात, काही थट्टा करतात. खरं काय ते सांगावं.
– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, मेसेजमध्ये एक गोष्ट चूक आहे आणि एक गोष्ट इतकी बरोबर आहे की मेसेज लिहिणाऱ्यालाही ती पूर्ण माहीत नसावी. म्हणून मानणाऱ्यांनी थोडं थांबावं आणि थट्टा करणाऱ्यांनी पण.

चूक ही की उचलला. अटेन्शन इंग्रजीने लॅटिनकडून घेतला, आतेन्देरे, म्हणजे आद अधिक तेन्देरे, एखाद्या गोष्टीच्या दिशेने ताणणे. कान, मान, मन त्या बाजूला ताणून धरणं. इंग्रज भारतात येण्याच्या आधीपासून हा शब्द त्यांच्याकडे होता.

आणि बरोबर काय? तर तेन्देरे मधला तेन् आणि संस्कृत तन् हे एकाच जुन्या मुळाचे आहेत. तन् म्हणजे ताणणे, पसरणे. त्यावरून तंतू, तंत्र, गवयाची तान, संतती म्हणजे पुढे ताणत गेलेली वंशाची दोरी, आणि आपला रोजचा ताण, ताणणे. तिकडे त्याच मुळातून टेन्शन, टेंट म्हणजे ताणून बांधलेलं कापड, एक्सटेन्शन, टेंडर म्हणजे पुढे केलेला देकार, सगळ्या सरकारी ऑफिसात असतो तो. ग्रीकमधून टिटॅनस, ज्यात शरीर ताणलं जाऊन वाकतं, आपण त्याला धनुर्वात म्हणतो, म्हणजे तिकडे ताणलेलं आणि इकडे ताणलेलं धनुष्य. ज्या माणसाला टेन्शन आलंय त्याला ताण आलाय असं आपण म्हणतो तेव्हा भाषांतर करतोय असं वाटतं, खरं तर आपण तोच शब्द दुसऱ्या भावाच्या तोंडून ऐकत असतो.

फक्त हे भाऊ आहेत, बापलेक नाहीत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ ला जे भाषण केलं त्यात हेच सांगितलं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या कुठल्यातरी एकाच उगमातून निघाल्या असणार, जो उगम कदाचित आता उरलेला नाही. मग १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी उच्चार कसे बदलत गेले त्याचे नियम मांडले. त्यातला एक तुम्ही वर्गात फळ्यावर लिहून दाखवू शकाल असा आहे. संस्कृत आणि लॅटिनमध्ये जिथे त असतो तिथे अस्सल इंग्रजी शब्दात थ येतो. त्रि, लॅटिन त्रेस, इंग्रजी थ्री. संस्कृत तनु म्हणजे सडपातळ, ताणून बारीक झालेलं, लॅटिन तेनुइस, इंग्रजी थिन. म्हणजे इंग्रजांच्या घरात या मुळाची स्वतःची वाटणी थिन ही आहे आणि अटेन्शन, टेन्शन त्यांनी लॅटिनच्या घरून आणलेत, म्हणूनच त्यांच्यात ट राहिला. असा नियम लागला तरच नातं मानायचं, नुसतं ऐकायला सारखं वाटलं म्हणून नाही. त्राहेरे आणि इंग्रजी ड्रॅग, ड्रॉ यांचं बघा, अर्थ तोच, आवाज पण जवळचा, पण त च्या जागी ड हा हिशोब बसत नाही, म्हणून तिथे अभ्यासकांचं एकमत नाही.

आता सुरुवातीचा उच्चार. मेसेजवाल्याला तो कानाने सापडला असेल, पण लॅटिनचा नकाराचा इन, इंग्रजीचा अन आणि संस्कृतचा अ किंवा अन् हे तिन्ही खरंच एक आहेत. म्हणजे इनअटेन्शन आणि अनवधान, दोन्ही शब्दांच्या दारावर तोच पहारेकरी उभा आहे. आतली माणसं मात्र वेगळी. तिकडे ताणणं आहे, इकडे धा, म्हणजे ठेवणं. अवधान म्हणजे मन नीट खाली ठेवणं, जागेवर ठेवणं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत माउली श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. आणि लग्नात सावधान म्हणतात ते स-अवधान, मन जागेवर असलेला. रामदासांनी मंडपात तो शब्द ऐकला आणि ते निघून गेले ही कथा सगळ्यांना माहीत आहे, सगळ्या मंडपात शब्द तोच होता पण अवधान त्या एका मुलाचं होतं असं मला ती कथा ऐकताना नेहमी वाटतं.

तुम्ही शाळेत पीटीच्या तासाला सावधान-विश्राम कितीदा ऐकलं असेल. इंग्रजीत त्याच हुकमाला अटेन्शन म्हणतात. सावधान म्हटल्यावर मुलं काय करतात? पाठ ताणतात, हात ताणतात, मान ताणतात. शब्द आपला उच्चारला जातो, ठेवण्याचा, आणि शरीर करतं ते लॅटिनमधलं, ताणण्याचं.

आणि इस्लामपूरच्या ताईंना एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथेच सांगते कारण ती तुमच्या उत्तराशिवाय कळली नसती. डिस्ट्रॅक्टचा एक भाऊ इंग्रजीत अजून जुन्या अर्थाने जिवंत आहे, डिस्ट्रॉट, दुःखाने किंवा काळजीने पार सैरभैर झालेला. शब्दकोश सांगतात की हा मुळात डिस्ट्रॅक्टच, पण त्याचं शेपूट बदललं, बहुधा स्ट्रॉट या शब्दाच्या प्रभावाने, आणि स्ट्रॉट हे स्ट्रेच या क्रियापदाचं जुनं रूप. स्ट्रेच म्हणजे ताणणे. म्हणजे अर्धा शब्द ओढण्याचा आणि अर्धा ताणण्याचा. आपल्याकडे ज्या बाईचं एक मन दवाखान्यात असतं, एक घरी मुलांपाशी आणि एक ऑफिसात, तिला विचारलं की ती हेच सांगते, फार ओढाताण होतेय.